मराठी मीडियमवाल्यांनी ऑनलाइन कुरआन वाचायला कसं शिकायचं: कायद्यापासून अम्मा पाऱ्यापर्यंत

मिरज घ्या, महाड घ्या, चिपळूण किंवा सोलापूर घ्या, आपल्यात एक मोठा गट असा आहे ज्याची शाळा मराठी मीडियमची, घरात बोलणं मराठी नाहीतर कोकणी नाहीतर दखनी, उर्दू कानाला ओळखीची पण वाचता येत नाही, आणि लहानपणी मक्तबला (कुरआनच्या शिकवणीला) जाणं सुरू होतं ते दहावीचे क्लास लागले आणि सुटलं ते सुटलंच. नमाजपुरत्या सूरा (कुरआनचे अध्याय) ऐकून ऐकून पाठ आहेत पण समोर कुरआन उघडला की बोट कुठं ठेवायचं तेच कळत नाही. आता चाळिशीत पोरांच्या रांगेत जाऊन बसायला लाज वाटते, ड्युटीच्या वेळा आडव्या येतात, त्यामुळे मोबाइल हाच मक्तब. हा लेख अशांसाठी आहे, कायद्यापासून (अक्षरओळखीचं पहिलं पुस्तक) अम्मा पाऱ्यापर्यंत (कुरआनचा तिसावा, शेवटचा भाग), आणि अगदी शून्यापासून सुरू करणाऱ्यांसाठीही, कारण खरं सांगायचं तर अर्धवट येणाऱ्यापेक्षा शून्यवाल्याचं काम सोपं असतं, त्याला काही विसरावं लागत नाही. आणि अडखळत वाचायला लाजू नका, कष्टानं अडखळत वाचणाऱ्याला दुप्पट सवाब (पुण्य) आहे ही हदीस (पैगंबरांचं वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. नेटवर कुरआन शिकायचं सामान ढीगभर आहे, ॲप आहेत, व्हिडिओ आहेत, जगभरच्या कारींच्या (कुरआन वाचणाऱ्यांच्या) तिलावती (वाचन) फुकट आहेत, पण हे सगळं तुम्हाला ऐकवतं. तुमचं कोण ऐकतं? कुरआन पहिल्यापासून असाच पुढे आलाय, शागिर्दानं वाचायचं आणि उस्तादानं ऐकून तिथल्या तिथं टोकायचं. तुमच्या ऑनलाइन शिकण्यात हा टोकणारा माणूस नसेल तर दोन वर्षांनी तुम्ही भराभर वाचाल पण चुकीचं वाचाल, आणि ते सुधारायला वाचायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

देवनागरीतला कुरआन बाजूला ठेवा

बाजारात अरबी शब्द देवनागरीत छापलेले पारे (कुरआनचे भाग) मिळतात, नेटवर तर सूरांच्या पीडीएफ फिरतच असतात. मोह होतो, कारण आजच्या आज वाचता येतं. पण अरबीत से, सीन आणि साद ही तीन वेगळी अक्षरं आहेत, आपल्याकडे तिन्हीला एकच स. जाल, जे, जाद, जोय ही चार, आपल्याकडे चारही ज. दोन हा आहेत (मोठी ح, छोटी ه), दोन काफ आहेत (मोठा ق, छोटा ك), आणि ऐन तर देवनागरीत कुठं दिसतच नाही. नुक्ते (टिंबं) देऊन थोडं भागतं पण डोळा ते नुक्ते बघतच नाही. नव्यानं नमाज सुरू केलेल्या माणसाला पहिले काही दिवस आधार म्हणून कागद जवळ असू दे, पण शिकायला बसताना नको. अरबी अक्षरं २८ आहेत (कायद्यात हमजा वेगळा धरून २९), रोज अर्धा तास दिला तर काही आठवड्यांत डोळ्याला सवय होते.

कुठली प्रत घ्यायची

हा मुद्दा कोणी सांगत नाही आणि नवखा माणूस इथंच अडकतो. आपल्याकडे मशिदीत, घरात जुजदानात गुंडाळलेला असतो तो हिंदुस्तानी छपाईचा कुरआन, ठळक अक्षर, खडा जबर, खडी जेर, उलटा पेश या स्वरखुणा असलेला. हज-उमऱ्याहून आणलेला असतो तो मदिनेच्या किंग फहद कॉम्प्लेक्सचा, उस्मान ताहा या खत्तातांच्या (सुलेखनकारांच्या) हातचा, ६०४ पानांचा. मजकूर एकच आहे, फरक लिहायच्या पद्धतीचा आणि खुणांचा आहे. पण नवख्याचा गोंधळ खुणांनीच होतो ना, मदनी प्रतीत अक्षरावर छोटं गोल दिसलं तर ते अक्षर उच्चारायचंच नाही, हे माहीत नसलं की माणूस तिथं काहीतरी भलतंच वाचतो.

साधा हिशोब असा: उस्ताद आपल्याकडचे असतील तर हिंदुस्तानी प्रत, उस्ताद इजिप्तचे किंवा अरब असतील (ऑनलाइन क्लासमध्ये इजिप्तचे बरेच भेटतात) तर मदनी. कुरआन डॉट कॉमवर सेटिंगमध्ये इंडोपाक (हिंदुस्तानी) आणि उस्मानी (मदनी) असे दोन्ही फॉन्ट निवडता येतात, मराठी तर्जुमाही (भाषांतर) लावता येतो. एकदा ठरवलं की मधेच बदलू नका, किमान अम्मा पारा होईपर्यंत. आणि आयतींचे (सूरेतल्या वचनांचे) नंबर जुळले नाहीत तर घाबरू नका, ॲपमध्ये सूरे फातिहात बिस्मिल्लाहला १ नंबर दिसतो, आपल्याकडच्या काही छापील प्रतींत नंबर अल्हम्दुपासून सुरू होतात आणि शेवटची आयत दोन भागांत मोजून सातच भरतात.

कायदा सोडून उडी मारू नका

मोठ्या माणसांना कायदा पोरकट वाटतो, डायरेक्ट यासीन काढून बसतात. नका बसू. मौलाना नूर मुहम्मद हक्कानी यांचा नूरानी कायदा आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतो, त्याची पीडीएफ आणि तख्तीवार (धड्याप्रमाणे) ऑडिओ सहज मिळतात. आधी सुटी अक्षरं, मग जोडलेली, मग हुरूफे मुकत्तआत (काही सूरांच्या सुरुवातीची सुटी अक्षरं), मग जबर जेर पेश (अ, इ, उ च्या खुणा), तनवीन (याच खुणा दोन-दोन, शेवटी न चा आवाज), खडा जबर वगैरे, मग मद-लीन (लांब स्वर आणि ऐ-औ), जज्म (अक्षराला स्वर नाही ही खूण), तश्दीद (अक्षर दुहेरी करायची खूण) अशी चढण आहे. तुमचे उस्ताद दुसरा कायदा शिकवत असतील तर तोच घ्या, भांडू नका.

अक्षरं ओळखताना डोळा नुक्त्यावर ठेवा. बा, ता, से या तिघांचा सांगाडा एकच, खाली एक नुक्ता, वर दोन, वर तीन. जीम, हा, खा तसेच, पोटात एक, काहीच नाही, डोक्यावर एक. जोडाक्षरात दुसरी युक्ती: अलिफ, दाल, जाल, रा, जे आणि वाव ही सहा अक्षरं पुढच्याला म्हणजे डावीकडच्याला हात देत नाहीत. शब्द मधेच तुटलेला दिसला की या सहांपैकीच कोणीतरी तिथं बसलेलं असतं, हे लक्षात आलं की लांब शब्दाची भीती निम्मी होते.

मग हिज्जे, म्हणजे अक्षर-अक्षर सोडवून वाचणं. अल्हम्दु हा शब्द असा सोडवायचा: अलिफ लाम जबर अल, हा मीम जबर हम, अल्हम, दाल पेश दु, अल्हम्दु. मोठ्यानं म्हणायचं, बोट ठेवून. बायकोपोरं हसतात, हसू दे. तश्दीदची तख्ती होईपर्यंत हिज्जे सोडू नका, त्यानंतर रवाँ (सलग) वाचायला आपोआप येतं. परदेशी उस्ताद असतील तर ते जबरला फतहा, जेरला कसरा, पेशला दम्मा आणि जज्मला सुकून म्हणतील, एवढी चार नावं पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवा म्हणजे समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत राहायची वेळ येत नाही.

आपली मराठी जीभ कुठं घोटाळा करते

तजवीदचे (कुरआनच्या शुद्ध उच्चाराच्या नियमांचे) बहुतेक व्हिडिओ उर्दूवाल्यांसाठी नाहीतर इंग्रजीवाल्यांसाठी असतात, त्यात आपल्या चुका येतच नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिला घोटाळा ज चा. मराठीत दोन ज आहेत, जिल्हा-जेवणमधला आणि जागा-जोरमधला. अरबी जीम हा कायम जिल्ह्यातला ज. पण त्यावर जबर आला, आ आला की आपली जीभ सवयीनं जागातला ज काढते, आणि ऐकणाऱ्याला तो जे हे अक्षर वाटतो. सूरे नस्र उघडा, इजा जाअ नस्रुल्लाह, पहिल्या शब्दात जाल आणि दुसऱ्यात जीम, आपल्याकडून दोन्ही एकसारखे निघतात. जालसाठी जिभेचं टोक वरच्या समोरच्या दातांच्या कडेला हलकं लावायचं, इंग्रजी दॅट म्हणताना लागतं तसं, हवा घासत बाहेर आली पाहिजे. से पण तिथलाच, थिंकमधला, आपला थाळीतला थ नाही.

दुसरा घोटाळा जास्त धोक्याचा आहे आणि तो फक्त मराठीवाल्यांचाच म्हणावा इतका आपला आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा इ-उ आपण लांबवतो, कवि लिहिलं तरी कवी म्हणतो. मग मालिकि यौमिद्दीनचं मालिकी होतं, नअबुदुचं नअबुदू होतं. अरबीत लांबवणं म्हणजे एक अक्षर वाढवणं, त्यामुळे ही साधी लकब राहत नाही, मोठ्या चुकीत जाते. उपाय एकच, प्रत्येक सुट्या जेर-पेशला चटकन सोडायचं, टिचकी वाजते तेवढ्यात.

ऐनचा अ करू नका. नअबुदुतला ऐन गिळला की नाबुदु होतं. घशाच्या मधल्या भागातून आवाज दाबून काढायचा, याच जागेवरून मोठी हा पण येते, फक्त ती श्वासाची, काच पुसताना तोंडानं वाफ सोडतो ना त्या श्वासाच्या जवळची पण खरखर न करता. घशाची अक्षरं सहा, तीन मजल्यांवर दोन-दोन: खालून हमजा आणि छोटी हा, मधून ऐन आणि मोठी हा, वरून गैन आणि खा. आरसा लागतच नाही इथं, कानच लागतो.

मोठा काफ जिभेच्या अगदी मुळातून पडजिभेजवळ, छोटा काफ त्याच्या थोडा पुढे म्हणजे आपला नेहमीचा क. वाव म्हणताना ओठ गोल करा, आपला व खालच्या ओठाला दात लावून निघतो तो चालत नाही. फा ला मात्र दात पाहिजेत, फळ-फूल दोन्ही ओठ मिटवून म्हणायची सवय असलेल्यांनी तिथं लक्ष द्यावं.

आणि एका ठिकाणी आपण जिंकतो. ऐ आणि औ. उर्दू-हिंदीवाल्यांना खैर, बैत, यौम यांतला आवाज चपटा करायची सवय असते, आपला मराठी ऐ म्हणजे अ-इ आणि औ म्हणजे अ-उ, आणि अरबीला तेच हवंय. इथं दुसऱ्यांची नक्कल करायला जाऊ नका.

सात अक्षरं कायम जाड, म्हणजे पुर: खा, साद, जाद, गैन, तोय, काफ (मोठा), जोय. जिभेचं मूळ वर उचललं की आवाज भरतो. ओठ गोल करून जाडपणा आणायचा प्रयत्न सगळे करतात, त्यानं सिरातचं सोराती असं काहीतरी होऊन बसतं.

उस्ताद कसे शोधायचे

आधी आपल्याच गावच्या मशिदीत विचारा. इमामसाहेब, मक्तबचे हाफिजजी यातले बरेच जण व्हॉट्सॲप किंवा झूमवर शिकवायला तयार असतात, आणि त्यांना तुमची बोली कळते, दखनीत सांगतील, मराठीत सांगतील. बायकांसाठी आलिमा किंवा मक्तबच्या आपा शोधा, दुपारच्या वेळात शिकवणाऱ्या बऱ्याच असतात. ऑनलाइन अकॅडमी घेणार असाल तर आधी डेमो क्लास मागा आणि त्यात तीन गोष्टी बघा. ते तुमच्याकडून वाचून घेतात की स्वतःच बोलत बसतात? चूक झाली तर तिथंच थांबवतात का? आणि त्यांनी स्वतः कोणाकडे शिकलंय हे विचारल्यावर सरळ उत्तर देतात का? पहिल्या क्लासात एकदाही न टोकता माशाअल्लाह माशाअल्लाह करणारे उस्ताद गोड वाटतात, पण त्यांच्याकडे जाऊ नका.

फी महिन्याची द्या, वर्षाची आगाऊ नको, कितीही डिस्काउंट असला तरी. ग्रुप क्लास स्वस्त पडतो पण दहा जणांत तुमच्या वाट्याला तीन मिनिटं येतात, त्यापेक्षा आठवड्यातून तीन दिवस एकट्याचा वीस मिनिटांचा क्लास बरा. लहान मुलांचा क्लास असेल तर हॉलमध्येच, स्पीकरवर, घरातलं मोठं माणूस कानाच्या टप्प्यात पाहिजे, आणि पर्सनल चॅट मुलाच्या नंबरवर नको, आईबापाच्या नंबरवर. यात उस्तादांवर संशय घ्यायचा प्रश्न नाही, चांगले उस्ताद स्वतःच असं सांगतात.

वेळ ठरवताना असरनंतर, मगरिबनंतर असं बोलू नका, घड्याळाचा आकडा बोला. श्रीवर्धनमधले उस्ताद आणि दुबईतला शागिर्द यांच्यात दीड तासाचा फरक, कुवेत-कतारशी अडीच तासांचा, आणि नमाजच्या वेळा वर्षभर सरकत राहतात.

मोबाइलचं सेटिंग

हे छोटं वाटतं पण निम्मे क्लास यामुळे वाया जातात. झूमसारखी ॲप मागचा गोंगाट कापतात, आणि त्या कापाकापीत तुमची हलकी अक्षरं, छोटी हा, से, फा, नाकातला गुन्ना, हे पण कापलं जातं. उस्ताद म्हणतात परत वाचा, तुम्ही म्हणता वाचलं की. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड नावाचा पर्याय आहे, तो चालू करा, नाहीतर नॉइज सप्रेशन कमीवर ठेवा. ब्लूटूथ इअरफोनपेक्षा साधा वायरचा इअरफोन घ्या, ब्लूटूथचा माइक चालू झाला की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. पंखा कमी करा. झूमची फुकट मीटिंग ४० मिनिटांत बंद पडते, आपल्याला तेवढी लागत पण नाही. कॅमेरा शक्य असेल तर चालू ठेवा कारण उस्तादांना तुमचे ओठ दिसले पाहिजेत. ज्यांना चेहरा दाखवायचा नाही त्यांनी कॅमेरा कायद्याच्या पानावर लावून बोट फिरवावं, त्यानं पण खूप फरक पडतो.

मोबाइलवर वाचताना वुजूचं (हात-तोंड-पाय धुण्याचं) काय, बायकांच्या अडचणीच्या दिवसांत काय, यावर उलमांची मतं वेगवेगळी आहेत, आपापल्या मस्लकच्या (पंथाच्या) मौलानांना विचारून घ्या. कोकणातले आपले लोक शाफई, घाटावर बहुतेक हनफी, दोघांचं उत्तर एकच येईल असं नाही.

क्लास नसेल त्या दिवशी कान तयार करा. इजिप्तचे शेख महमूद खलील अल-हुसरी यांची तिलावत लावा, १९६१ मध्ये अख्ख्या कुरआनचं पहिलं रेकॉर्डिंग त्यांनीच केलं, प्रत्येक अक्षर सुटं आणि शांत ऐकू येतं. त्यांची मुअल्लिम नावाची शिकवणीची तिलावत पण आहे, थांबून थांबून पुन्हा म्हणायला वेळ देणारी, नवख्यासाठी तीच. सुरुवातीला एकच कारी ठेवा, सुरेल आवाजाच्या मागे लागून रोज नवा कारी लावला तर नक्कल सुराची होते, अक्षराची होत नाही. मग स्वतःचं वाचन रेकॉर्ड करून लगेच शेजारी लावून ऐका आणि व्हॉइस नोट उस्तादांना टाका. तरतीलसारखी ॲप तुमचं वाचणं ऐकून शब्द सुटला-बदलला तर दाखवतात, पाठ केलेलं तपासायला छान, पण मोठी हा बरोबर निघाली का हे त्यांच्या भरवशावर ठेवू नका. रोज नवा सबक (धडा) थोडा आणि आमोख्ता (मागच्याची उजळणी) जास्त, हा मक्तबचा जुना नियम ऑनलाइनमध्ये पहिला मोडतो, कारण पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो.

फातिहा नव्यानं शिका

कायदा संपला की पहिली फातिहा, येत असली तरी. बोट ठेवून, पाठ असलेलं विसरून. अल्हम्दुतली मोठी हा. रब्बिलमधला तश्दीद, ब वर क्षणभर थांबून. इय्याकमधल्या य चा तश्दीद तर नव्वद टक्के लोक खातात असं म्हटलं तरी चालेल, इयाक म्हणून जातात, आणि त्यानं अर्थच बदलतो. सिरातमध्ये साद जाड, रा जाड, तोय जाड, अख्खा शब्द भरलेला. अन्अम्तमध्ये नून जज्मवाला आणि पुढे ऐन, तिथं नाकात घुटमळायचं नाही, नून साफ सोडायचा.

आणि शेवटी वलज्जाल्लीन. आपल्याकडे यावरून मशिदीमशिदीत वाद झालेत, कोणी ज म्हणतं कोणी द म्हणतं. जादचा मखरज (उच्चाराची जागा) दोन्हीपेक्षा वेगळा आहे, जिभेची कड, डावी किंवा उजवी, वरच्या दाढांना लावून आवाज काढायचा. अरबीतलं सगळ्यात अवघड अक्षर आहे हे, एका दिवसात येत नाही, उस्तादांसमोर रोज थोडं थोडं करा आणि तोवर कोणाच्या मागे नमाज होते नि होत नाही यात पडू नका. त्याच शब्दात जादनंतरचा आ सहा मात्रांचा आहे, साधा आ दोन मात्रांचा, म्हणजे तिप्पट. बोटं मिटून मोजा.

तजवीद किती आणि कधी

नियमांची नावं पाठ करून वाचन सुधारत नाही. आधी मोठ्या चुका काढा, ज्यांना लहने जली म्हणतात: अक्षर बदलणं, जबर-जेर बदलणं, तश्दीद खाणं, नको तिथं लांबवणं. बारीकसारीक म्हणजे लहने खफी नंतर. जज्मवाल्या नूनचे आणि तनवीनचे चार नियम तेवढे लवकर घ्या: पुढे घशाच्या सहांपैकी अक्षर आलं तर इजहार म्हणजे साफ, या-रा-मीम-लाम-वाव-नून आले तर इदगाम म्हणजे पुढच्यात मिसळणं, बा आला तर नूनचा मीम होतो तो इकलाब, आणि उरलेल्या पंधरांपुढे इख्फा, नाकात लपवलेला. पुढे कलकला, पाच अक्षरं, मोठा काफ, तोय, बा, जीम, दाल, जज्म आला की किंचित उसळी. हे शिकायला वेगळं पुस्तक नको, अहदचा दाल, फलकचा काफ, तब्बचा बा, तुमच्या पाठ सूरांतच सगळं आहे. उसळी मात्र उसळीच ठेवा, अहदाऽ असं म्हणून नवा स्वर चिकटवू नका.

थांबताना शेवटची हरकत (जबर-जेर-पेश) जाते, आलमीनच म्हणायचं, आलमीन वर अ नको. दो जबरवर थांबलं तर आ होतो, सूरे नस्रमध्ये अफवाजा, तव्वाबा. खुणांमध्ये छोटा मीम दिसला तर थांबायलाच हवं, तोय असेल तर थांबणं चांगलं, जीमवर तुमची मर्जी, ला असेल तर थांबू नका. दम मधेच तुटला तर एकदोन शब्द मागे जाऊन अर्थ जुळेल तिथून परत घ्या.

अम्मा पारा आणि पुढे

तिसावा पारा, सूरे नबा ते सूरे नास, ३७ सूरा. शेवटून उलटं वाचत या, नास, फलक, इख्लास असं, कारण छोट्या आयती आणि ऐकलेले शब्द. वाटेत सूरे अलकच्या शेवटी आणि सूरे इन्शिकाकमध्ये सजद्याची (जमिनीला कपाळ टेकायची) आयत येते, तिथं समासात खूण असते, सजदा कसा करायचा ते उस्तादांकडून त्याच दिवशी शिकून घ्या. हनफींकडे तो वाजिब (करायलाच हवा), शाफईंकडे सुन्नत (केलेला चांगला).

अम्मा पारा उस्तादांना पूर्ण ऐकवून झाला की मग पहिला पारा. पान उघडलं की सूरे बकराच्या सुरुवातीलाच अलिफ लाम मीम. वाचणारे तिथं शब्द जुळवायला जातात, पण अशा २९ सूरा आहेत ज्यांच्या सुरुवातीला ही सुटी अक्षरं येतात आणि ती नावानंच वाचायची. अलिफ साधा, काही लांबवायचं नाही. लाम सहा मात्रा. लामच्या शेवटचा मीम पुढच्या मीममध्ये मिसळतो, तिथं नाकात गुन्ना, आणि मग मीम परत सहा मात्रा. कायद्यात मुकत्तआतची तख्ती नीट केली असेल तर इथं उस्ताद टोकणार नाहीत, आणि टोकलंच तर बहुधा लामच्या मात्रा कमी पडल्या म्हणून.